शाळेच्या गव्हर्नर बोर्डावर मी काय बोलणार?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: इंग्लंडमधल्या एका गावात राहणाऱ्या वाचक मैत्रिणीनं लिहिलं आहे. त्या मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या. लग्नानंतर इकडे आल्या आणि आता एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात आठवड्याचे चार दिवस काम करतात. मुलगी घराजवळच्या प्रायमरी शाळेत इयर टूमध्ये, म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात आहे. शाळेत पेरेंट गव्हर्नरची, म्हणजे शाळेचा कारभार बघणाऱ्या बोर्डावरच्या पालक सदस्याची, जागा रिकामी झाली आहे आणि फाटकाशी भेटलेल्या हेडटीचर त्यांना म्हणाल्या, ‘तुम्ही उभ्या राहा ना.’ नवरा म्हणतो, ‘पैसा नाही, वेळ जाणार. कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस?’ त्यांचं मन दोन्हीकडे ओढ घेतंय. आत शिरलं तर मुलीला फारच सोपं गणित देतात आणि गृहपाठ जवळपास नसतोच, हे बदलता येईल आणि बाकीच्या भारतीय पालकांचं म्हणणंही मांडता येईल, असं वाटतं. पण भीतीही आहे. ‘माझं इंग्रजी कामापुरतं. बोर्डावर वकील आहेत, निवृत्त मॅनेजर आहेत. मला बोलावलंय ते बहुधा एक भारतीय चेहरा हवा म्हणून. आणि मी काही वेगळं बोलले, त्याचा राग मुलीवर निघाला तर?’ अर्जाची मुदत दोन आठवड्यांवर आली आहे.

आधी तुमच्या मुलीच्या गणिताचं बोलू, कारण तो प्रश्न गव्हर्नर होऊन सुटणार नाही. झालाच तर अवघड होईल.

वर्गात कुठलं गणित घ्यायचं, कोणाला जास्तीचं द्यायचं, घरी किती पाठवायचं हे रोजचं काम हेडटीचरचं आणि वर्गशिक्षिकेचं. बोर्डानं त्यात हात घालायचा नसतो. एखाद्या गव्हर्नरनं मीटिंगमध्ये आपल्याच मुलाच्या वर्गाचा विषय काढला तर अध्यक्ष तिथल्या तिथे थांबवतात, आणि ते योग्यच आहे. आपला वैयक्तिक संबंध असलेला विषय निघाला की तसं सांगून खोलीबाहेर जायचं, हा नियम आहे. म्हणजे आज आई म्हणून जे तुम्ही सरळ बोलू शकता, तेच उद्या बोर्डावर बोलता येणार नाही.

म्हणून याच आठवड्यात वर्गशिक्षिकेकडे दहा मिनिटं मागा. तक्रारीच्या सुरात सुरुवात करू नका. ‘घरी तिला हे पटापट येतं. तुम्हाला वर्गात काय दिसतं?’ एवढं विचारा आणि ऐका. इथली पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे, हे डोक्यात असू द्या. आपल्यापैकी अनेकांनी दुसरीत पंधरापर्यंतचे पाढे घोकले. इथल्या अभ्यासक्रमात इयर टूला दोन, पाच आणि दहाचेच पाढे असतात. बारापर्यंतचे पाढे इयर फोरच्या अखेरीस यायला हवेत, आणि त्याची देशभर परीक्षा होते: पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. बऱ्याच शाळा सगळा वर्ग एकत्र पुढे नेतात आणि ज्याला लवकर येतं त्याला पुढच्या वर्षाचं देण्याऐवजी त्याच विषयातलं जास्त खोलवरचं देतात. तुमच्या मुलीला ते खोलवरचं मिळतंय का, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. उत्तर पटलं नाही तर हेडटीचर आहेत, आणि त्यापुढे शाळेची लेखी तक्रार पद्धत आहे.

हे झाल्यावर स्वतःला विचारा, ‘गणिताचा प्रश्न मिटला असं धरलं, तर मला अजून गव्हर्नर व्हावंसं वाटतं का?’ उत्तर नाही आलं तर अर्ज भरू नका आणि त्याची रुखरुख ठेवू नका. पण तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं, आणि मला वाटतं उत्तर हो येईल. बाकीच्या पालकांविषयीचा जो परिच्छेद तुम्ही लिहिलाय, तो स्वतःपुरतं बघणाऱ्या बाईचा नाही.

आता बोर्ड म्हणजे नक्की काय, ते. आपल्या डोळ्यांसमोर गावाकडचे संस्थाचालक येतात: ज्यांच्या गाडीचा आवाज आला की शिक्षक उभे राहतात. किंवा जिल्हा परिषद शाळेची व्यवस्थापन समिती आठवते. तिथे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, पण कित्येक गावांत ‘इथे सही करा ताई’ एवढंच पालकाच्या वाट्याला येतं. इंग्लंडमधलं बोर्ड या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. त्याची कामं मुख्यतः तीन. शाळा कुठल्या दिशेनं जाणार ते ठरवणं, मुलांच्या शिक्षणाबद्दल हेडटीचरकडून हिशेब घेणं, आणि पैसा नीट खर्च होतोय ना ते बघणं. नवी हेडटीचर निवडायची वेळ आली तर ती निवडही बोर्डच करतं. पण एकट्या गव्हर्नरला काहीच अधिकार नसतो. जे काही ठरतं ते सगळ्यांनी मिळून, मीटिंगमध्ये. एकदा ठरलं की बाहेर ‘माझा विरोध होता’ असं सांगत फिरायचं नाही.

पालकांना या टेबलावर हक्काची जागा मिळाली ती 1980 च्या कायद्यानं. त्याआधी 1977 मध्ये टेलर समितीनं अहवाल दिला होता की पालक, शिक्षक, स्थानिक प्रशासन आणि गावातली माणसं यांनी शाळा मिळून चालवावी. त्यामुळे ती खुर्ची हेडटीचर तुम्हाला कृपा म्हणून देत नाहीयेत. स्थानिक प्रशासनाच्या शाळेत पेरेंट गव्हर्नर पालकांच्या मतांनी निवडून येते, आणि बोर्डावर अशा निदान दोन जागा असाव्याच लागतात.

इंग्रजीचं बोलू, कारण तुम्ही सगळ्यात जास्त ओळी त्यावर लिहिल्यात. मी एका प्रायमरी शाळेच्या बोर्डावर गव्हर्नर म्हणून एक पूर्ण कार्यकाळ काढला आहे. मीटिंग संध्याकाळी शाळेच्या लायब्ररीत, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर. सात दिवस आधी कागद आलेले असायचे: हेडटीचरचा अहवाल, बजेट, दोन-तीन धोरणांचे मसुदे. आमच्याबरोबर एक बाई होत्या, सुपरमार्केटात काम करणाऱ्या, मोठमोठे शब्द कधी न वापरणाऱ्या. एकदा अहवालात हजेरीचा तक्ता होता आणि सरासरी चांगली होती. वकील साहेब ‘छान’ म्हणाले आणि आम्ही पान उलटणार, तेवढ्यात या बाईंनी विचारलं, ‘जी मुलं सगळ्यात कमी येतात, ती प्रत्येक टर्मला तीच असतात का?’ हेडटीचरकडे उत्तर नव्हतं. पुढच्या मीटिंगला त्या उत्तर घेऊन आल्या. बरीचशी तीच मुलं होती, आणि त्यातली काही भावंडं अशी की काउन्सिलनं त्यांच्या कुटुंबाला तात्पुरतं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला दिलेलं. दोन बस बदलून ती शाळेत यायची. त्यानंतर शाळेनं त्यांना सकाळच्या ब्रेकफास्ट क्लबमध्ये फुकट जागा दिली आणि काउन्सिलशी घराबद्दल पत्रव्यवहार सुरू केला.

त्या प्रश्नात एकही अवघड इंग्रजी शब्द नव्हता. तिथे लागतं ते कागद आधी वाचून जाणं, आणि न कळलेलं ‘मला हे कळलं नाही’ म्हणून विचारण्याची हिंमत. आद्याक्षरांचा सुळसुळाट असतो, सेंड (विशेष गरजा असलेल्या मुलांचं शिक्षण), ईएचसीपी (अशा मुलाला द्यायच्या मदतीचा लेखी आराखडा), आणि पहिल्या वर्षी इथे जन्मलेली माणसंही त्यात गोंधळतात. मीटिंगचं कामकाज लिहिणाऱ्या बोर्डाच्या क्लार्कला विचारा, बहुतेक बोर्डांकडे त्याची यादी तयार असते.

शिवाय तुम्ही एक गोष्ट पत्रात जाता जाता लिहून टाकलीत. तुम्ही अकाउंट्समध्ये आहात! प्रायमरी शाळेचे पैसे मुख्यतः मुलांच्या संख्येवर येतात, आणि ती संख्या ऑक्टोबरमधल्या एका ठरलेल्या दिवशी मोजतात. जन्मदर घटल्यामुळे कित्येक शाळांत, विशेषतः लंडनमध्ये, रिसेप्शनचे, म्हणजे शाळेच्या सगळ्यात पहिल्या वर्षाचे, वर्ग भरत नाहीत. वर्गात आठ मुलं कमी झाली म्हणून शिक्षिकेचा पगार कमी होत नाही, आणि बजेटचा मोठा भाग पगारातच जातो. पुढच्या तीन वर्षांचा अंदाज वाचून ‘दुसऱ्या वर्षी ही शिल्लक उणे का होतेय?’ असं विचारू शकणारं माणूस बोर्डाला सोन्यासारखं असतं. निवृत्त मॅनेजरच्या शेजारी बसायला तुम्हाला कमीपणा वाटण्याचं काही कारण मला दिसत नाही.

‘भारतीय चेहरा हवा म्हणून’ ही शंका मी झटकून टाकणार नाही. बोर्डांवर गोऱ्या लोकांचं प्रमाण खूप जास्त आहे, वर्गात मात्र सगळ्या रंगांची मुलं आहेत, आणि शाळांना हे अंतर खुपतं. हेडटीचरच्या मनात ते असेलही. तुम्ही त्यांना सरळ विचारा, ‘मला का सुचवलंत?’ ‘तुम्ही पालक सभेत पैशांबद्दल नेमका प्रश्न विचारला होतात’ असं काही उत्तर आलं तर शंका तिथेच फिटली. नुसतं ‘विविधता हवी’ असं आलं, तर पुढचा प्रश्न विचारा, ‘आल्यावर माझ्याकडून काम काय अपेक्षित आहे?’ कामाची कल्पनाच नसेल तर सावध व्हा.

पण इथे तुमच्याही एका गृहीताकडे बघायला हवं. पेरेंट गव्हर्नर पालकांमधून येते, पालकांची वकील म्हणून नाही. भारतीय पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरची यादी घेऊन मीटिंगला जाता येत नाही. फाटकाशी कोणी म्हणालं, ‘आता तूच बोर्डावर आहेस, माझ्या मुलाचं जरा बघ,’ तर त्या आईला तक्रारीची नेहमीची वाट दाखवायची आणि तपशील ऐकूनही घ्यायचा नाही. कारण तीच तक्रार पुढे गव्हर्नरांच्या पॅनेलपुढे आली तर तुम्हाला तिथे बसता येणार नाही. मैत्रिणी थोड्या दुखावतील, याची तयारी ठेवा.

मग आपल्या माणसांसाठी काहीच करता येणार नाही का? येईल, धोरणाच्या वाटेनं. एक उदाहरण देते. इंग्लंडमध्ये रिसेप्शन, इयर वन आणि इयर टूच्या सगळ्याच मुलांना 2014 पासून दुपारचं जेवण फुकट आहे. त्यामुळे कमी उत्पन्नाची काही कुटुंबं फुकट जेवणाचा वेगळा अर्ज भरतच नाहीत. त्यांना वाटतं, जेवण तर मिळतंय. पण त्याच अर्जावरून शाळेला त्या मुलासाठी प्युपिल प्रीमियमचे जादा पैसे मिळतात. 2024-25 मध्ये प्रायमरीच्या एका मुलामागे 1,480 पौंड होते. बांगलादेशी, रोमानियन, मराठी, कुठल्याही घरात हा अर्ज का भरला जात नाही, फॉर्मची भाषा कळते का, लाज वाटते का, हे बोर्डावर विचारणारं कोणी असेल तर शाळेत एका जादा मदतनीस शिक्षिकेचा पगार उभा राहू शकतो.

आणि दुसरं, जे आपल्या घरांत हमखास घडतं. लग्नासाठी किंवा गणपतीला टर्म चालू असताना भारतात जाणं. विनापरवानगी पाच दिवस बुडाले की ऑगस्ट 2024 पासून दंड होऊ शकतो: प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पौंड, तोही 21 दिवसांत भरला तर, नाहीतर 160. सातासमुद्रापार आजी अंथरुणाला खिळलेली असणं म्हणजे काय, हे धोरणावर चर्चा करणाऱ्या टेबलावर कोणाला तरी आतून माहीत असावं. मात्र तेच हजेरीचं धोरण मंजूर करून तुम्ही स्वतः स्वस्त तिकीट मिळतंय म्हणून आठवडाभर आधी उडू शकणार नाही. घरी हे आत्ताच बोलून ठेवा.

मुलीवर राग निघेल, ही भीती मला समजते. आपण अशा शाळांत शिकलोय जिथे बाबा मुख्याध्यापकांशी भांडले की मुलाला वर्गात ऐकून घ्यावं लागायचं. इथे बोर्डाच्या मीटिंगमध्ये प्रश्न विचारणं हेच काम आहे, आणि चांगल्या हेडटीचरला त्याची सवय असते. मला जास्त काळजी उलट्या गोष्टीची वाटते: गव्हर्नरची मुलगी म्हणून शिक्षिका तुमच्याशी जपून बोलू लागेल. त्यामुळे वर्गाच्या दारात तुम्ही फक्त आई. बोर्डाचा विषय तिथे काढायचा नाही, ओळखपत्र गळ्यात असलं तर काढून पिशवीत टाका.

यजमानांच्या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं, कारण वेळ खरोखर जातो. स्थानिक प्रशासनाच्या शाळेत पूर्ण बोर्डाच्या वर्षाला निदान तीन मीटिंगा कायद्यानं लागतात, पण बऱ्याच ठिकाणी सहा होतात. वर एखादी समिती, ठरवून केलेली शाळाभेट, प्रशिक्षण. वाचन धरून महिन्याला पाच-सात तास धरून चाला. कधीकधी त्याहून जड काम येतं. एखाद्या मुलाला शाळेतून कायमचं काढलं तर त्या निर्णयाचा फेरविचार गव्हर्नरांचं पॅनेल करतं. समोर आई बसलेली असते, कधी ते मूलही. हेडटीचरचं म्हणणं उलटतपासून बघायची जबाबदारी तुमच्यावर असते. त्या रात्री झोप लागत नाही. मला असं वाटतं की अशा खोलीत परक्या देशात मूल वाढवणारी एक आई असणं फार गरजेचं आहे.

गव्हर्नरचा कार्यकाळ बहुधा चार वर्षांचा असतो, पण मधेच राजीनामा देता येतो. मुलगी शाळा सोडून गेली तरी कार्यकाळ पुरा करता येतो. पगार नाही, प्रवासाचा किंवा मूल सांभाळायला ठेवल्याचा खर्च काही शाळा देतात, तसं धोरण आहे का विचारा. प्रामाणिकपणे आणि विचारपूर्वक वागणाऱ्या गव्हर्नरवर बोर्डाच्या निर्णयाचा खिशाला खार लागेल असा बोजा येत नाही. स्थानिक प्रशासनाच्या शाळेच्या गव्हर्नरला नोकरीतून ‘वाजवी’ सुट्टी मिळण्याचा हक्क 1996 च्या रोजगार कायद्यात आहे, मात्र त्या वेळेचा पगार द्यायचं बंधन मालकावर नाही. आणि यजमानांना सांगा, मीटिंगच्या संध्याकाळी मुलीचं जेवण, आंघोळ, गोष्ट हे त्यांच्याकडे. हे कॅलेंडरवर लिहूनच टाका, दर वेळी नव्यानं मागू नका.

अर्ज भरण्यापूर्वी बोर्डाच्या अध्यक्षांना फोन करून अर्धा तास मागा. शाळा स्थानिक प्रशासनाची आहे की एखाद्या अॅकॅडमी ट्रस्टची (सरकारी पैशावर, पण स्थानिक प्रशासनाच्या बाहेर शाळा चालवणारी संस्था), हे सगळ्यात आधी विचारा. ट्रस्टच्या शाळांत बरेच निर्णय वर ट्रस्टी घेतात आणि शाळेच्या बोर्डाकडे किती अधिकार उरतात ते ट्रस्टनं लिहून ठेवलेलं असतं. तो कागद मागून वाचा. अधिकार नावालाच असतील तर महिन्याचे सात तास कुठे घालायचे, याचा वेगळा विचार करा. आधीच्या गव्हर्नर का गेल्या, तेही विचारा. मागच्या वर्षाची इतिवृत्तं वाचा. दर पानावर नुसतं ‘मंजूर’ असेल आणि एकही प्रश्न नसेल, तर ते बोर्ड झोपलंय.

उभं राहायला अजून धीर होत नसेल तर ‘असोसिएट मेंबर’ म्हणून एखाद्या समितीवर, समजा अर्थ समितीवर, बसता येईल का विचारा. पूर्ण बोर्डात मत नसतं, पण काम जवळून कळतं. आणि ज्यांना स्वतःच्या मुलाच्या शाळेत हे सगळं सांभाळणं अवघड वाटतं, त्यांच्यासाठी मला सगळ्यात आवडणारा पर्याय म्हणजे दुसऱ्याच शाळेचं गव्हर्नर होणं. को-ऑप्टेड गव्हर्नर, म्हणजे मतदानाशिवाय बोर्डानंच नेमलेली, पालक असावीच लागत नाही. मूल नसलेले, मुलं मोठी झालेले, निवृत्त झालेले, सगळे चालतात. ‘गव्हर्नर्स फॉर स्कूल्स’ ही धर्मादाय संस्था अशा लोकांची शाळांशी गाठ फुकट घालून देते. वय अठरा पूर्ण हवं, ब्रिटिश नागरिकत्वाची अट नाही. डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी, होते, आणि भारतात राहून आलेल्यांकडे शाळा आणखी काही कागद मागू शकते. स्कॉटलंडमधल्या वाचकांना मात्र यातलं बरंच लागू नाही. तिथे गव्हर्नर बोर्डांऐवजी पेरेंट कौन्सिल असतात.

माझं मत विचाराल तर उभ्या राहा. वर्गशिक्षिकेशी आधी बोला, अध्यक्षांना फोन करा, आणि मग अर्जासोबतचं निवेदन लिहायला बसा. ते छोटंच मागतात, म्हणून ‘मला समाजासाठी काही करायचं आहे’ यात ओळी घालवू नका. तुम्ही रोज हिशेब तपासता आणि कागद वाचल्याशिवाय सही करत नाही, हे लिहा. दोन भाषांत मूल वाढवता आणि नव्यानं आलेल्या कुटुंबाला शाळेची पत्रं कशी वाटतात हे जाणता, हेही लिहा. मुलीचं नाव किंवा तिचा वर्ग यांचा उल्लेख नको. निवेदन कोणाकडून तरी तपासून घ्या, पण वाक्यं तुमचीच राहू द्या, कारण पालक तुम्हाला फाटकाशी बोलताना ओळखतात. जागांइतकेच अर्ज आले तर मतदान होतच नाही, आणि असं बऱ्याचदा घडतं. मतदान झालं आणि तुम्ही हरलात, तर दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना ईमेल करा की पुढे को-ऑप्टेड गव्हर्नरची जागा निघाली तर मी तयार आहे. अकाउंट्स येतं, हे त्या ईमेलच्या पहिल्याच ओळीत लिहा.